आई चॅटबॉटला 'थँक्यू बाळा' म्हणते, ह्याला सायकॉलॉजीत काही नाव आहे का?

पोह्यांची_बशी: आईला फोनवर एआय ॲप टाकून दिलं, आता बीपीच्या गोळीपासून कोथिंबीरवडीपर्यंत सगळं त्यालाच विचारते आणि शेवटी "थँक्यू बाळा, दमला असशील" 😂 आम्ही हसायचो, पण परवा रात्री मीच त्याच्यापुढे ऑफिसचं रडगाणं गायलो आणि खरंच हलकं वाटलं. समोर माणूस नाही हे माहितीये, तरी असं का होतं?

जुना_कोडर: एलायझा इफेक्ट. एमआयटीच्या जोसेफ वायझेनबाउमने १९६६ साली एलायझा नावाचा प्रोग्रॅम जगापुढे आणला, तो थेरपिस्टसारखा बोलायचा. आत फार काही नव्हतं हो, तुमच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'माझं'चं 'तुमचं' करायचं आणि प्रश्न करून तुमच्याच गळ्यात मारायचा, काहीच नाही सापडलं तर "बरं, पुढे बोला". मावशीच्या फोनवर आपण "हं… हं… मग?" करतो ना, अगदी तेच! तरी वायझेनबाउमची सेक्रेटरी, जिने त्याला हे बनवताना महिनोन्महिने पाहिलेलं, ती थोडं बोलून झाल्यावर त्यालाच म्हणाली, जरा बाहेर जाता का. तो हबकलाच. (नाव 'पिग्मॅलियन'मधल्या एलायझावरून, म्हणजे 'ती फुलराणी'तली आपली मंजुळाच की.)

डिझाइनवाली: त्याच्याही आधी, १९४४ मध्ये हायडर आणि सिमेल यांनी लोकांना नुसते त्रिकोण आणि गोल हलताना दाखवले होते, तर लोक म्हणे मोठा त्रिकोण दादागिरी करतोय. आपलं डोकं असंच चालतं, आणि आम्ही डिझाइनवाले त्याचा फायदा घेतो, खोटं कशाला बोलू. 'मी' म्हणून बोलणारा बॉट, उत्तर येईपर्यंत नाचणारी तीन टिंबं, हे सगळं ठरवून केलेलं असतं. लोडिंगची चकली फिरली की लोक नेटला शिव्या देतात, टिंबं नाचली की "विचार करतोय बिचारा".

शंकासूर: पण आजच्या मॉडेलला एलायझाच्या पंक्तीत बसवू नका राव, ते ढीगभर मजकुरावर शिकलेलं असतं, नुसती शब्दांची अदलाबदल नाहीये. इफेक्ट मात्र तोच, कारण तो आपल्या बाजूला घडतो. आणि गोळ्यांचं डॉक्टरलाच विचारा, तिथे बाळाचं काम नाही.

पोह्यांची_बशी: गोळ्यांचं आईला बजावलंय. बाकी सगळं वाचून दाखवलं तर म्हणते, इतकी वर्षं तुळशीशी बोलतेय, तेव्हा नाही कुणी इफेक्ट काढला 🙏