मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर डावीकडचं दिसत नाही, यूकेत लायसन्स परत मिळालेलं कुणी आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गेल्या वर्षी ह्यांना मेंदूच्या मागच्या भागात, उजव्या बाजूला स्ट्रोक झाला. हातपाय, बोलणं शाबूत आहे, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं अर्धं दिसत नाही. डॉक्टर याला होमोनिमस हेमिअनोपिया म्हणतात. वीस मीटरवरची नंबरप्लेट हे सहज वाचतात, म्हणून लायसन्स का गेलं हे नातेवाइकांना पटतच नाही.

इथल्या नियमानुसार आडवं दृष्टिक्षेत्र किमान १२० अंश लागतं, दोन्ही बाजूंना किमान ५०. एस्टरमन चाचणीत (दोन्ही डोळे उघडे ठेवून, नजर सरळ असताना आजूबाजूचं किती दिसतं ते मोजणारी तपासणी) ह्यांची डावी बाजू जवळजवळ कोरी आली. निर्णय मला चूक वाटत नाही. इथे गाडी रस्त्याच्या डावीकडून चालते, म्हणजे फुटपाथ, सायकलवाले, शाळेतून सुटलेली मुलं, सगळं नेमकं न दिसणाऱ्या बाजूला.

पण डीव्हीएलएच्या (इथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांत एक अपवाद आहे. दोष १२ महिने स्थिर हवा, वाढत जाणारा दुसरा नेत्रविकार नको, आणि रुग्णाने त्या दोषाशी पूर्ण जुळवून घेतलंय असं डॉक्टरी मत हवं. हे मान्य झालं तर रस्त्यावर प्रत्यक्ष चाचणी होते, तेवढ्यापुरतं वेगळं लायसन्स मिळतं.

सराव हे मनापासून करतात. यूसीएल या लंडनच्या विद्यापीठाचा आय-सर्च हा मोफत ऑनलाइन व्यायाम चालू आहे, आधी डावीकडे नजर टाकायची सवय लागलीय. सुरुवातीला ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहायची, आता राहत नाही. बाजारात माणसांना धक्के लागणंही कमी झालंय. पण साठच्या वेगाने जाताना हे पुरेल का, ही माझी खरी काळजी.

१२ महिने होत आलेत. 'जुळवून घेतलंय' हे लेखी कोण देतं? जीपी (आमचे फॅमिली डॉक्टर) हॉस्पिटलच्या नेत्रविभागाकडे बोट दाखवतात, नेत्रविभाग जीपींकडे. तुम्हाला कुणी दिलं?

सुट्टीत पुण्याला जाऊन जुन्या भारतीय लायसन्सवर चालवा, हा सल्ला कृपया देऊ नका. घरच्यांकडून तो सतत मिळतो, आणि आम्ही तसं करणार नाही.

आणि जे या चाचणीला बसलेत त्यांना विचारायचंय: राउंडअबाउटवर डावीकडे मान वळवताना उजवीकडून येणारी गाडी सुटू नये, यासाठी तुम्ही काय सराव केलात? लायसन्स हातात नसताना तो केलात कुठे?