क्वांटमचा जन्म १९०० चा की १९०५ चा?

तळघरातला_इलेक्ट्रॉन (धागाकर्ता)
क्वांटमची, म्हणजे ऊर्जा सलग नसून ठरावीक तुकड्यांत असते या कल्पनेची, गोष्ट सगळीकडे एकाच साच्यात सांगतात. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे तापलेल्या कृष्णवस्तूने (पडलेला सगळा उजेड शोषणारी आदर्श वस्तू) अतिनील टोकाला अमर्याद ऊर्जा फेकायला हवी होती. ते संकट निवारायला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स प्लांकने १४ डिसेंबर १९०० ला बर्लिनमध्ये ऊर्जेचे तुकडे पाडले. घडलं तसं नाही. 'अतिनील अरिष्ट' हे नावच एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञाने १९११ मध्ये दिलं. प्लांकला सतावत होतं ते कृष्णवस्तूच्या उजेडाचं वीनचं सूत्र, जे लांब तरंगांना चुकत होतं.

आणि त्याच डिसेंबरच्या निबंधात तो लिहितो की एकूण ऊर्जेला एका तुकड्याने भागून पूर्णांक आला नाही, तर जवळचा पूर्णांक घ्यावा! ऊर्जा खरोखर तुकड्यांत असते असं मानणारा माणूस हे लिहील? थॉमस कून या इतिहासकाराने १९७८ मध्ये हाच मुद्दा लावून धरला. माझ्या मते जन्मसाल १९०५, बाप आईनस्टाईन: उजेड स्वतःच तुकड्यांत (प्रकाशपुंजांत) असतो असं त्याने त्या साली मांडलं.

सदा_असहमत
असहमत (नावाला जागतोय). पूर्णांकाचं ते वाक्य म्हणजे आकडेमोडीतली सोय, त्यावर इतका इमला नको. प्लांकने त्याच कामात स्वतःचा स्थिरांक काढला, बोल्ट्झमनचा (तापमान आणि ऊर्जा जोडणारा) काढला आणि त्यावरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभारही काढला: जुन्या एककांत ४.६९ × १०⁻¹⁰. इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या थॉमसनचा तेव्हाचा आकडा ६.५ होता, आजचा ४.८० आहे. भट्टीचा उजेड मोजून इलेक्ट्रॉनचा भार! हे ज्याला जमलं त्याला आपल्या हाती काय लागलंय ते कळलं नव्हतं, असं कसं म्हणता?

तळघरातला_इलेक्ट्रॉन
स्थिरांक महत्त्वाचा आहे हे कळलं होतं, मान्य. अर्थ कळला नव्हता. १९१३ मध्ये आईनस्टाईनला प्रशियन अकादमीत घ्यावं म्हणून प्लांक आणि मंडळींनी शिफारस लिहिली. तीत आशय असा, की प्रकाशपुंजासारख्या कल्पनांत गड्याचा नेम कधी चुकलाही असेल, पण तेवढं मनावर घेऊ नये. आठ वर्षांनंतरही! त्याआधी १९११ च्या सुमारास प्लांकने नवी मांडणी केली होती: उत्सर्जन तुकड्यांत, शोषण मात्र सलग. हा आपल्याच पोरापासून दूर पळणारा बाप.

चहाबाज
तुम्ही दोघे बापांवर भांडताय, सुईणीला कोणी विचारत नाही. रुबेन्स आणि कुर्लबाउम या प्रयोगकर्त्यांनी १९०० मध्ये बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गच्या सरकारी मापनसंस्थेत ५१ मायक्रोमीटरपर्यंतचे तरंग मोजले. या संस्थेला कृष्णवस्तूत रस का, तर दिव्यांच्या उजेडाचं प्रमाण ठरवायचं होतं! ७ ऑक्टोबरला रुबेन्स सपत्नीक प्लांककडे गेला आणि बोलता बोलता सांगून बसला की लांब तरंगांना ऊर्जा तापमानाच्या सम प्रमाणात वाढते. प्लांकने त्याच संध्याकाळी सूत्र जुळवलं, १९ तारखेला मांडलं. आधी सूत्र, मग त्याला शोभेल असं कारण शोधायला दोन महिने. तो १४ डिसेंबर.

(अवांतर: रविवारी पाहुणे आले की आमच्याकडे फक्त जागांचे भाव निघतात.)

सदा_असहमत
चहाबाज, +१. धागाकर्त्याला एक प्रश्न: आईनस्टाईनचं तरी तेव्हा कोणी ऐकलं? अमेरिकन प्रयोगकर्त्या मिलिकनने १९१६ मध्ये प्रकाशविद्युत परिणामाचं (उजेड पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन सुटतात त्याचं) आईनस्टाईनचं समीकरण प्रयोगाने पक्कं केलं आणि वर लिहिलं की त्यामागची कल्पना टिकण्यासारखी नाही. प्रकाशपुंज लोकांना पटवणारा कॉम्प्टनचा प्रयोग १९२३ चा. लोकांच्या मान्यतेवर जन्मसाल ठरवायचं तर १९०५ ही बाद.

तळघरातला_इलेक्ट्रॉन
लोकांच्या मान्यतेचं मी बोललोच नाही, लिहिणाऱ्याच्या समजेबद्दल बोलतोय. शिवाय १९०७ विसरलात. तुकड्यांची कल्पना आईनस्टाईनने उजेडातून काढून घन पदार्थांच्या विशिष्ट उष्म्याला (पदार्थ तापवायला किती उष्णता लागते त्याला) लावली; रसायनशास्त्रज्ञ नेर्न्स्टच्या थंडीतल्या मोजमापांशी ती जुळली, तेव्हा कुठे १९११ च्या सोल्वे परिषदेपर्यंत (बड्या भौतिकशास्त्रज्ञांची बैठक) लोक गांभीर्याने घेऊ लागले.

ढाका_मेल
प्लांकची सिद्धता अर्धी जुन्या विद्युतचुंबकीतली, अर्धी नव्या मोजणीची. ही खिचडी काढून टाकली सत्येंद्रनाथ बोसांनी, १९२४ मध्ये ढाक्यात बसून. आईनस्टाईनने तो लेख स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिला. सूत्राला स्वतःच्या पायावर उभं केलं त्यांनी, आणि या धाग्यात ते सहाव्या प्रतिसादात येतात!

सदा_असहमत
बोसांबद्दल वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे शेवटचं: प्लांकचं सूत्र प्रकाशपुंज नकळत गृहीत धरतं, हे १९०६ मध्ये खुद्द आईनस्टाईनने लिहिलंय. 'नकळत' ला तुम्ही शून्य गुण देताय, मी ५० तरी देईन.

तळघरातला_इलेक्ट्रॉन
३५. पास.