प्राडोला २,८०० किलोची कॅराव्हॅन जोडण्यापूर्वी गाडीत काय बदल करावेत?

पॅरामाटाकर यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही सिडनीत राहतो आणि आमच्याकडे २०१८ची डिझेल, ऑटोमॅटिक टोयोटा प्राडो आहे. एप्रिलच्या सुट्टीत कॅनबेरा, कूमा, निमिटाबेल असे जाऊन ब्राउन माउंटनचा घाट उतरायचा, बेगाजवळ चार दिवस राहायचे आणि प्रिन्सेस हायवेने समुद्राकाठून परतायचे, असा बेत आहे. त्यासाठी दुहेरी ॲक्सलची एक वापरलेली कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेतली असून तिच्या प्लेटवर रिकामे वजन २,३१० किलो आणि एटीएम, म्हणजे सामानासह कमाल वजन, २,८०० किलो लिहिलेले आहे. (घरी ‘एटीएम’ म्हटले की मुलगा अजूनही पैसे मागतो, ते असो.) गाडी विकणाऱ्याने त्या वेळी सांगितले होते की प्राडो तीन टन ओढते, त्यामुळे निर्धास्त राहा.

गाडीला पुढे लोखंडी बुलबार, मागे टो-बार (कॅराव्हॅन जोडायची दांडी), दुसरी बॅटरी आणि छतावर रॅक व कापडी चांदणी आहे. आम्ही चौघे जण प्रवास करणार आहोत. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याचा सल्ला असा की मागील स्प्रिंगमध्ये एअरबॅग, म्हणजे हवा भरायच्या रबरी पिशव्या, टाकल्या की गाडी मागून बसणार नाही आणि विषय संपेल. माझा प्रश्न एवढाच आहे की एअरबॅग पुरेशा आहेत, की संपूर्ण सस्पेन्शन बदलून घ्यावे? खर्चाची तयारी आहे, पण तो योग्य ठिकाणी व्हावा.

काटेकोर यांचे उत्तर

एअरबॅग आणि सस्पेन्शन दोन्ही तूर्त बाजूला ठेवा, कारण तुम्ही दिलेल्या माहितीत एकही वजन प्रत्यक्ष काट्यावर केलेले नाही. ‘तीन टन ओढते’ हे वाक्य खोटे नाही. पण तो अनेक मर्यादांपैकी एका मर्यादेचा आकडा आहे आणि बहुतेक कुटुंबांच्या बाबतीत ती मर्यादा गाठण्याच्या बरीच आधी दुसरी एखादी मर्यादा ओलांडली जाते.

तुमच्या प्राडोचा जीव्हीएम, म्हणजे माणसे, इंधन, सामान आणि टो-बॉलवर (कॅराव्हॅन ज्यावर बसते त्या मागच्या हूकवर) येणारा भार धरून गाडीचे कमाल वजन, २,९९० किलो आहे. जीसीएम, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन मिळून कमाल वजन, ५,९९० किलो आहे. आता ढोबळ हिशेब करू. भरलेल्या टाक्यांसह गाडी २,३०० किलो धरा. बुलबार, टो-बार, बॅटरी, रॅक आणि चांदणी मिळून १७५ किलो होतात. चौघांचे २६० आणि फ्रिज, हत्यारे, खाणेपिणे यांचे १०० धरले, तर कॅराव्हॅन जोडण्यापूर्वीच गाडी २,८३५ किलोंवर जाते. म्हणजे हातात १५५ किलो उरतात. इकडे कॅराव्हॅनचा पुढचा भार सर्वसाधारणपणे तिच्या वजनाच्या दहा टक्के धरतात, म्हणजे तुमच्या बाबतीत २८० किलो, आणि तो सगळा तुमच्या गाडीच्या चाकांवर येतो. गाडी झाली ३,११५ किलोंची, म्हणजे मर्यादेपेक्षा १२५ किलो जास्त. गंमत अशी की एकत्रित वजन २,८३५ अधिक २,८०० म्हणजे ५,६३५ किलो भरते आणि जीसीएममध्ये तब्बल ३५५ किलो शिल्लक दिसतात. जे केवळ जोडाचे एकूण वजन पाहतात त्यांना म्हणूनच सगळे आलबेल वाटते.

हूक मागील ॲक्सलच्या मागे असल्यामुळे तरफेचा नियम लागू होतो, हेही विसरू नका. प्राडोच्या दोन ॲक्सलमधले अंतर २.७९ मीटर आहे. हूक मागील ॲक्सलपासून १.१ मीटर मागे धरला, तर त्यावर ठेवलेले २८० किलो मागील चाकांवर सुमारे ३९० किलो होऊन बसतात आणि पुढच्या चाकांवरचे ११० किलो उचलले जातात. ज्या चाकांनी गाडी वळते आणि ज्यांवर ब्रेकचा मोठा भार येतो, नेमकी तीच चाके हलकी होतात. एअरबॅग मागचा भाग उचलून धरते, त्यामुळे गाडी दिसायला समपातळीत येते. पण पुढची चाके होती तितकीच हलकी राहतात. गॅरेजवाल्याने लक्षण झाकण्याचा उपाय सांगितला आहे.

वाळू-खडी विकणाऱ्या मोठ्या यार्डात किंवा कचरा डेपोवर सार्वजनिक वजनकाटा मिळतो. प्रवासाला निघताना असेल तसे सगळे सामान, पूर्ण डिझेल आणि घरातली सगळी माणसे घेऊन जा. आधी एकट्या गाडीचे वजन करा, मग कॅराव्हॅन जोडून पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि कॅराव्हॅनची चाके यांची वेगवेगळी वजने घ्या, शेवटी सोडलेल्या कॅराव्हॅनचे घ्या. सोडलेले वजन वजा जोडलेल्या अवस्थेत चाकांवरचे वजन म्हणजे टो-बॉलवरचा भार. पावत्या जपून ठेवा.

ऊसपट्टा यांचे उत्तर

वरचा हिशेब मला पूर्ण मान्य आहे. माझे बालपण सांगली जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या काट्यासमोरच्या रांगेत गेले, त्यामुळे काट्याशिवाय बोलू नये हे संस्कार जुने आहेत. भर घालायची आहे ती वजनाच्या मांडणीबद्दल.

बैलगाडी भरणाऱ्यांकडे यासाठी दोन चोख शब्द आहेत. ओझे मागे पडून जू वर उचलले गेले की गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात आणि ओझे पुढे येऊन बैलांच्या मानेवर बसले की ‘धुरजड’ झाली म्हणतात. कॅराव्हॅनला हीच भाषा तंतोतंत लागू पडते. धुरजड कॅराव्हॅन गाडीचे मागील स्प्रिंग दाबते आणि वर सांगितल्याप्रमाणे पुढची चाके हलकी करते, ते वाईटच. परंतु उलाळ कॅराव्हॅन महामार्गाच्या वेगाला झुलू लागते, आणि ते त्याहून वाईट आहे. बैल निदान थांबतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी ह्यूम हायवेवर गुंडगायच्या पुढे आमची कॅराव्हॅन झुलली होती. मागच्या बंपरवर दोन स्टेपन्या होत्याच, त्यात मी हौसेने चार सायकली लटकवल्या होत्या आणि पुढची पाण्याची टाकी रिकामी होती. साधारण १०० च्या वेगाने उतारावर असताना एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या हवेने कॅराव्हॅन आधी दूर ढकलली गेली, मग उलट त्याच्याकडे ओढली गेली, आणि पुढच्या दोन-तीन हेलकाव्यांत ती गाडीचा मागचा भाग आपल्याबरोबर फिरवू लागली. आरशात आधी डावी भिंत पूर्ण दिसे, मग उजवी. पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि नेमके तेच करायचे नसते. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा आणि केवळ कॅराव्हॅनचे ब्रेक हाताने लावायचे, म्हणजे ती मागून ताणली जाऊन सरळ होते. मला ते बटण सापडले, कारण आदल्याच आठवड्यात बायकोने ते कुठे आहे हे मला तीनदा विचारले होते.

म्हणून जड सामान कॅराव्हॅनच्या ॲक्सलवर आणि जमिनीलगत ठेवा. डबाबंद खाणे वरच्या कपाटात नको आणि मागच्या बंपरवर शक्य तितके कमी. पाण्याच्या टाक्या कुठे आहेत ते खाली वाकून पाहा. ९५ लिटरची टाकी म्हणजे ९५ किलो. ती ॲक्सलच्या पुढे असेल तर भरल्यावर कॅराव्हॅन धुरजड होते, मागे असेल तर उलाळ.

वजन वाटून देणारा हिच, म्हणजे गाडी आणि कॅराव्हॅन यांमधला जोड, तुमच्या जोडीला उपयोगी पडेल. त्याच्या दोन दांड्या ताणल्या की हूकवरचा काही भार पुढच्या चाकांकडे आणि काही कॅराव्हॅनच्या चाकांकडे जातो. बसवताना पुढच्या चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची कॅराव्हॅन जोडण्यापूर्वी मोजा, जोडल्यावर पुन्हा मोजा आणि दांड्या ताणून मूळ उंचीच्या जवळ आणा. मात्र या हिचमुळे कोणतीही कायदेशीर मर्यादा वाढत नाही.

घाटवाट यांचे उत्तर

ब्रेकबद्दल अजून कोणी लिहिले नाही आणि ब्राउन माउंटन उतरायचा म्हणजे तोच मुख्य विषय आहे. ऑस्ट्रेलियात दोन टनांपेक्षा जड ट्रेलरच्या सर्व चाकांना ब्रेक असावे लागतात, आणि ट्रेलर सुटला तर ते आपोआप लागून किमान १५ मिनिटे धरून राहतील अशी व्यवस्थाही लागते. ही व्यवस्था कॅराव्हॅनमधल्या बॅटरीवर चालते. वापरलेल्या कॅराव्हॅनमध्ये ती बॅटरी मेलेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे, तेव्हा ट्रेलर सुटल्यावर जी निघून ब्रेक लागतात ती पिन ओढून पाहा. अडीच टनांच्या वर सुरक्षा साखळ्या दोन लागतात. त्या कपलिंगखाली (जोडाखाली) एकमेकींना छेदून लावाव्यात, आणि त्या अडकवण्याचे शॅकल (लोखंडी कड्या) भार कोरलेलेच वापरावेत.

इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर गाडीत, चालकाच्या हाताशी बसवावा लागतो. तो बसवला म्हणजे काम झाले असे नव्हे. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ३०-४० किलोमीटर वेगाने चालत केवळ कॅराव्हॅनचे ब्रेक हाताने लावा. तिने गाडीला मागून स्पष्ट ओढले पाहिजे, पण तिची चाके घसटता कामा नयेत. भरलेल्या आणि रिकाम्या कॅराव्हॅनला ही मांडणी वेगळी लागते.

घाटात गिअर उतार सुरू होण्यापूर्वी खाली आणायचा, वेग वाढल्यावर नव्हे. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरू नका. वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करा आणि पाय पूर्ण काढा, म्हणजे ड्रमना थंड व्हायला वेळ मिळतो. खंडाळ्यात ट्रकच्या जळक्या लायनरचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना अधिक सांगायला नको. चढावर उलट काळजी गिअरबॉक्सची. वरच्या गिअरमध्ये टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाद्वारे जोडणाऱ्या भागाचे) लॉक सुटत-लागत राहिले की तेल तापते. म्हणून चौथ्यात ठेवा आणि तेलाचे तापमान दाखवणारा छोटा स्कॅनर घ्या.

बाकी थोडक्यात. टायरची हवा थंड असताना तपासा. कॅराव्हॅनच्या टायरांवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष कोरलेले असते, ते वाचा. नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारे असू शकते. चाकांचे नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. तुमच्या जोडीचा जीसीएम ४.५ टनांच्या वर असल्यामुळे न्यू साउथ वेल्समध्ये ११० च्या पाटीखालीही तुम्हाला १०० चीच मर्यादा आहे.

पॅरामाटाकर

सर्वांचे आभार. शनिवारी काट्यावर जाऊन आलो. एकटी गाडी २,८६० किलो भरली. जोडल्यावर पुढचा ॲक्सल १,२२०, मागचा १,८८० आणि कॅराव्हॅनची चाके २,४०० झाली. सोडलेली कॅराव्हॅन २,६४०. म्हणजे टो-बॉलवर २४० किलो, आणि गाडी ३,१०० किलो, मर्यादेच्या ११० किलो वर. काट्यावरच्या माणसाने पावती देताना भुवया उंचावल्या. आता जीव्हीएम वाढवून घेण्याचा विचार करावा का?

काटेकोर

करता येतो, पण आधी वजाबाकी करून पाहा. समजा नवे सस्पेन्शन आणि अभियंत्याचे प्रमाणपत्र घेऊन जीव्हीएम ३,३०० झाला. जीसीएम वेगळा मंजूर करून घेतला नाही तर तो ५,९९० च राहतो, आणि मग पूर्ण भरलेल्या गाडीमागे कॅराव्हॅनच्या चाकांवर २,६९० किलोंपेक्षा जास्त भार चालणार नाही. तुमची गाडी ३,१०० च्या आसपास राहणार असेल तर अडचण नाही, परंतु जागा मिळाली की सामान वाढते असा माझा अनुभव आहे. माझे मत असे की ११० किलोंसाठी एवढा खर्च करण्यापूर्वी छताकडे पाहावे.

पॅरामाटाकर

छताकडे पाहिले. रॅक आणि चांदणी उतरवली, ४५ किलो गेले. हत्यारांची पेटी, जुनी विंच आणि कधीही न वापरलेले साखळदंड मिळून ५५ किलो गॅरेजात राहिले. ४० किलोंचा फ्रिज सामानासह कॅराव्हॅनमध्ये ॲक्सलवर हलवला. काल पुन्हा काट्यावर गेलो: कॅराव्हॅन २,६८०, टो-बॉलवर २४०, जोडलेली गाडी २,९६०. एअरबॅगची ऑर्डर रद्द केली असून त्या पैशांत वजन वाटणारा हिच आणि ब्रेक कंट्रोलर बसतो आहे, बुधवारची वेळ मिळाली. सुटणाऱ्या ट्रेलरच्या ब्रेकची पिनही ओढून पाहिली; काहीच झाले नाही. बॅटरीवर २०१४ साल होते.