स्विमिंग पूलच्या पायरीला तडा गेलाय, नोझलपण फुटलंय. पाणी न काढता दुरुस्त होईल का?

शेतावरचा_पूल

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. तुळजापूर रोडला शेतावर आमचा 24 बाय 12 फुटांचा पूल आहे, पाणी चार फूट. घरच्या पोरांसाठी आणि हुरड्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सहा वर्षांपूर्वी केला. कोपऱ्यात फायबरच्या रेडिमेड तीन पायऱ्या बसवल्यात, त्यातल्या मधल्या पायरीला वीतभर आडवा तडा गेलाय. मागच्या दिवाळीत केसासारखी रेघ होती, पेंटरकडून पुट्टी भरून घेतली, महिनाभर टिकली, आता पाय ठेवला की तड्याच्या दोन्ही कडा वरखाली होतात आणि आतून बुडबुडे येतात. काल पुतण्याच्या तळपायात फायबरचं कुसळ गेलं, रात्रभर रडत होता, म्हणून आता थांबायचं नाही असं ठरवलंय.

दुसरं म्हणजे फिल्टरचं पाणी परत येतं ते भिंतीतलं नोझल आट्यांजवळ उभं फुटलंय, पाईप पान्ह्यानं जास्त आवळलं, चूक माझीच. आणि तळाच्या जाळीचा एक कोपरा उडालाय, ती फेविक्विकनं चिकटवली तर चालेल ना?

अडचण पाण्याची आहे. पूलमध्ये साधारण 32-33 हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे 10 हजारचे तीन टँकर टाकूनही वर उरतं, आणि बोअर आत्ताच अर्धा तास चालून दम टाकतोय. ज्यांनी पूल बसवला ते फोन उचलत नाहीत. पाण्यातच काहीतरी लावून भागेल का?

फायबर_कारागीर

मालक, कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या करण्यात माझी वीस वर्षं गेलीत, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

तडा भरायच्या आधी एक काम करा. एक रुपयाचं नाणं घ्या आणि तिन्ही पायऱ्यांवर इंचाइंचानं ठोकत जा. जिथं खालून आधार आहे तिथं आवाज ठस्स येईल, जिथं पोकळ आहे तिथं डबडब वाजेल. कडा वरखाली होतायत आणि बुडबुडे येतायत म्हणजे माझ्या मते पायरीखाली पोकळी झालीच आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आक्रसते, पायरीखाली मुरूम नीट धुमसलेला नसेल तर भराव खाली बसतो आणि पायरी नुसती अधांतरी राहते. मग तिच्यावर 70 किलोचा माणूस रोज उभा राहिला की ती कुठंतरी फाटणारच. पेंटरची पुट्टी म्हणून टिकली नाही, खालची पोकळी तशीच होती ना.

पूर्ण पाणी काढायची गरज नाही. मधल्या पायरीच्या वीतभर खाली पाणी आणा, म्हणजे निम्म्यापेक्षा थोडं जास्त जाईल. चार-पाच दिवस आधीपासून क्लोरीन टाकू नका, टेस्ट किटवर शून्य दाखवलं की ते पाणी डाळिंबाला सोडा, वाया जायचं नाही.

मग तड्याच्या दोन्ही टोकांना 3 एमएमचं भोक पाडा, नाहीतर तडा पुढं पळत जातो. पोकळ भागात 12 एमएमची दोन भोकं पाडून आत साठलेलं पाणी निथळू द्या, नंतर एका भोकातून नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आक्रसणारं सिमेंटचं मिश्रण) पातळ करून ओतत राहा, दुसऱ्या भोकातून बाहेर यायला लागलं की थांबा. स्प्रेचा फोम मारू नका, तो फुगून पायरीच वर उचलतो. ग्राउट दोन-तीन दिवस सुकू द्या.

जुनी पुट्टी कणभरसुद्धा ठेवायची नाही. तडा व्ही आकारात उघडा, आजूबाजूला दोन-दोन इंच 80 नंबर पेपरनं घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे, मग ॲसिटोननं पुसा आणि त्यानंतर तिथं बोटसुद्धा लावू नका. वर रेझिनमध्ये भिजवलेल्या 450 ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा, कोपरे गोल कापलेले. रेझिन आयएसओ (आयसोफ्थॅलिक) जातीचं मागा, साधं जनरल पर्पज पाण्याखाली फुगतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून टाकतात ते कोबाल्ट आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, भडका उडतो. शक्यतो कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन घ्या, म्हणजे फक्त हार्डनर टाकायचा, किलोला 10 एमएल, आपल्या उन्हात जास्त नको. दुपारी 42 डिग्रीत मगातच दगड होतो, मी स्वतः ब्रश टाकून दिलेत. सकाळी सहाला सुरू करा, एका वेळी पाव किलोच कालवा. डोळ्याला गॉगल, तोंडाला मास्क, हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. आणि जवळ कुणी बिडी ओढू नका.

पाईपलाईन_पंढरपूर

वर फायबरवाल्या दादांनी सांगितलं त्याला माझा पाठिंबा, पण शेतावरचा दादा, आधी एक करा, आत्ताच पंपाचं बटण बंद करा. तळाची जाळी फुटलेली असताना पंप चालू ठेवून कुणालाही पाण्यात सोडू नका. त्या भोकाला जी ओढ असते त्यात केस, हात किंवा लहान मुलाचं अंग अडकलं की मोठ्या माणसालाही ओढून काढता येत नाही. अमेरिकेत अशा मृत्यूंनंतर 2007 साली या जाळ्यांसाठी कायदाच झाला. फेविक्विक, एपॉक्सी काही नाही, मापाची नवी जाळी आणा आणि स्टीलच्या स्क्रूनं बसवा. तोपर्यंत पोरांना पूल बंद.

नोझलचं. फुटलेला तुकडा बादलीत टाका. तरंगला तर पीपी किंवा पीई जातीचं प्लास्टिक, त्याला कुठलंच सॉल्व्हंट धरत नाही, बदलायचंच. बुडाला तर पीव्हीसी किंवा एबीएस. मग आतल्या न दिसणाऱ्या बाजूला कापसानं थोडं ॲसिटोन लावा, लगेच चिकट होऊन विरघळायला लागलं तर बहुतेक एबीएस. एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा लगदा झाकणांच्या तड्यांना छान बसतो, पण आट्यांना नाही, आट्यांवर ताण येतो. तुमचं आट्यातच फुटलंय म्हणून नवीन घ्या. बसवताना टेफ्लॉन टेप सात-आठ वेढे, हातानं घट्ट करा आणि वर फार तर अर्धा आटा. प्लास्टिकला पाईप पान्हा लावायचाच नाही.

आणि क्लोरीनच्या गोळ्या पायरीवर ठेवता का? विचारायचं कारण, त्या गोळीखालचं पाणी फार ॲसिडिक असतं, तिथलं प्लास्टिक आणि जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) पांढरं पडून ठिसूळ होतं. तरंगत्या डब्यात टाका.

बार्शीची_अक्का

आमच्याकडं मागच्या मार्चमध्ये हेच झालं. पाण्यात चालणारी एपॉक्सी पुट्टी आणली, दोन रंगांच्या वड्या हातात मळून एकजीव केल्या, मिस्टरांनी बुडी मारून तड्यात दाबून बसवली आणि जूनपर्यंत चालली. म्हणजे चालते, पण पायरी हलत नव्हती आमची, नुसती रेघ होती. तुमची हलतेय, तिथं आठवडाभरही धरायची नाही असं वाटतं. आणि पोराच्या पायात गेलंय ना, तर निदान आजच्या आज तड्यावर रबरी मॅट टाकून पायऱ्यांकडचा भाग दोरीनं बंद करा. कुसळ दिसत नाही पण चपात्यांच्या कणकेचा छोटा गोळा दाबून उचलला की निघतं, आमच्या घरी असंच काढतो.

शेतावरचा_पूल

सगळ्यांचे मनापासून आभार. पंप वाचल्या वाचल्या बंद केला, पोरं रुसलीत पण दोरी बांधलीय. अक्का, कुसळ कणकेच्या गोळ्यानं निघालं, पुतण्या आता पळतोय.

नाणं ठोकून बघितलं. मधली पायरी जवळजवळ पूर्ण डबडब वाजतेय आणि खालच्या पायरीचा डावा कोपरापण, तिथं अजून तडा नाही. नोझलचा तुकडा बुडाला आणि ॲसिटोननं चिकट झाला. आणि हो, गोळ्या वरच्या पायरीच्या कोपऱ्यातच ठेवत होतो, तिथं ताटलीएवढा पांढरा डाग आहे, नखानं भुकटी निघते. खालच्या कोपऱ्याचं काय करू? त्यासाठी पाणी अजून खाली न्यावं लागेल.

फायबर_कारागीर

न्या मालक. तो कोपरा आज भरला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात तिथं फाटेल आणि परत एवढंच पाणी काढावं लागेल. एकदाच खालच्या पायरीपर्यंत आणा, दोन्हीकडं ग्राउट एकाच दिवशी होतं. पांढरा डाग घासून चांगला थर लागेपर्यंत जा, मग तिथंही एक मॅट. शेवटी वॅक्स टाकलेला जेलकोट मारा, वॅक्स नसेल तर वरून चिकटच राहतो, आणि ओला असतानाच चाळलेली बारीक वाळू भुरभुरा, ओल्या पायाला पकड येते. आठ दिवस पाणी भरू नका.

शेतावरचा_पूल

ठीक आहे, क्लोरीन आजपासून बंद. पाचव्या दिवशी टेस्ट करून डाळिंबाला पाणी सोडतो आणि टँकरवाल्याला पुढच्या पंधरवड्याचं सांगून ठेवतो.