कॅम्परव्हॅनमधला एक दिवस : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील अनुभव

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅन (पलंग, स्वयंपाकाची सोय आणि शौचालय असलेली राहती गाडी) घेऊन जोडीने फिरलेल्यांनी आपल्या प्रवासातील कोणताही एकच दिवस येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. संपूर्ण सहलीचे वर्णन मुद्दामच मागितलेले नाही, कारण पंधरा दिवसांचे लिहायला बसले की सकाळी टाक्या रिकाम्या करण्यात गेलेला वेळ हमखास गळतो आणि नव्याने जाणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. सुरुवात मीच करते.

टेकापो सरोवराकाठून साडेआठला निघायचे ठरले होते. प्रत्यक्षात दहा वाजले. सांडपाण्याची टाकी रिकामी करणे, पिण्याचे पाणी भरणे आणि शौचालयाची पेटी डम्प स्टेशनवर, म्हणजे गाड्यांतील मैला ओतण्याच्या ठरावीक जागी, नेऊन धुणे ही तिन्ही कामे सकाळीच उरकावी लागतात. पेटी कोणी न्यायची यावर आमचा रोज वाद होत असे, आणि त्या दिवशी पाळी माझी होती. त्यानंतर १९३५ साली बांधलेले ‘गुड शेफर्ड’ हे छोटे दगडी चर्च पाहिले. वेदीमागच्या खिडकीतून सरोवर दिसते तेवढ्यासाठी तरी आत जावे, मात्र पर्यटकांच्या बसगाड्या येण्यापूर्वी. आम्हाला तो मान मिळाला नाही.

पुढे पुकाकी सरोवराच्या काठाने आओराकी माउंट कुक गावाकडे वळलो. मुख्य रस्ता सोडल्यावर हे अंतर सुमारे ५५ किलोमीटर आहे. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची अत्यंत बारीक भुकटी पाण्यात तरंगत राहते आणि तिच्यामुळे या सरोवरांना दुधट निळा रंग येतो, हे वाचलेले होते. पण छायाचित्रांत तो रंग मला नेहमी वाढवलेला वाटे. तो वाढवलेला नसतो. ३,७२४ मीटर उंचीचे शिखर ढगात होते, म्हणून वाटेवरच्या एका थांब्यावर गाडी लावून आम्ही चहा टाकला. दीड तास झाला, दुसरा चहाही झाला, तेव्हा कोठे टोक दिसले, तेही जेमतेम पाच मिनिटे. यादीत सहा ठिकाणे होती. दिवसाअखेर दोनच पाहून झाली होती आणि यजमानांनी ती यादी काचेसमोरून काढून कप्प्यात टाकली.

*

आमचा दिवस ते अनाऊ हे गाव ते मिलफर्ड साउंड ही उंच कड्यांमधली समुद्राची खाडी असा होता. अंतर १२० किलोमीटरच्या आतबाहेर, तेव्हा दोन तास पुरतील असे मी गृहीत धरले आणि दुपारच्या बोटीची तिकिटे काढली. ही चूक कोणी करू नये. वाटेवरच्या मिरर लेक्स या तळ्यांपाशी थांबणे होतेच, शिवाय पुढच्या घाटात उंच, जड गाडी मोटारीसारखी हाकता येत नाही. होमर बोगदा सुमारे १.२ किलोमीटर लांबीचा असून त्याचे काम १९३५ मध्ये सुरू झाले आणि वाहतूक १९५४ मध्ये. बोगद्यात जागा बेताची असल्यामुळे गर्दीच्या दिवसांत तोंडाशी सिग्नल असतो आणि बराच वेळ थांबावे लागते.

त्या थांब्यात किआ भेटले. हे डोंगरी पोपट दिसायला मंद हिरवे आणि गबाळे, पण पंख उघडले की आतून नारिंगी रंग भडकतो. एक जण आमच्या पुढच्या गाडीच्या काचेभोवतीचे रबर अगदी मन लावून सोलत होता; दुसरा आमच्या टपावर उतरला आणि त्याच्या नखांचा आवाज आत छतावर ऐकू येऊ लागला. सौभाग्यवतींना त्याला बिस्कीट द्यायचे होते, पण त्यांना खाऊ घालू नये अशी तेथे स्पष्ट सूचना असते. बोट अर्थातच चुकली. पुढच्या फेरीत जागा मिळाली, आणि तोवर पाऊस सुरू झाल्यामुळे आदल्या फेरीतील लोकांना न दिसलेले कितीतरी धबधबे कड्यांवरून कोसळताना आम्हाला दिसले.

*

थोडक्यात लिहितो. पुनाकाइकीचे थरावर थर रचल्यासारखे चुनखडक भरतीच्या वेळीच पाहावेत, कारण खडकांतील भोकांतून पाण्याचे फवारे तेव्हाच उडतात. आम्ही ओहोटीला पोहोचलो. मोटार असती तर चुकचुकत पुढे गेलो असतो. येथे मागचा पलंग टाकून दोघेही झोपलो आणि भरतीला उठलो. सँडफ्लाय या बारीक चावऱ्या माश्या मात्र दार उघडे ठेवल्याच्या अपराधाबद्दल आठवडाभर खाजवायला लावतात.

*

वरच्या सर्वांच्या मानाने आमचा दिवस भांडणाचा आहे. मोएराकीच्या किनाऱ्यावरचे गोल दगड पाहायला निघालो आणि पहिल्याच वळणावर स्वयंपाकाचा कप्पा सरकून उघडला. खिटी लावायची मी विसरले होते. दोन किलो तांदूळ गाडीभर पसरला. पुढे एकेरी पूल आला, तेथे आपल्या बाजूचा बाण लाल आणि लहान असेल तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे असते. अहोंना तो बाण दिसला, मला वाटले दिसला नाही, आणि मी ओरडले. त्यानंतर किनाऱ्यापर्यंत कोणी बोलले नाही. दगड मात्र अप्रतिम आहेत; काहींचा व्यास जवळजवळ दोन मीटर आहे आणि फुटलेल्यांच्या आतील भेगा कासवाच्या पाठीसारख्या दिसतात.

मुक्कामाबद्दल एक सांगायला हवे. फुकट थांबण्याच्या बऱ्याच जागांवर ‘सेल्फ कन्टेन्ड’ (पाणी, सांडपाणी व शौचालयाची सोय गाडीतच असल्याचे) प्रमाणपत्र असलेलीच गाडी चालते, आणि २०२३ च्या कायद्यानुसार त्यासाठी शौचालय गाडीत कायमचे बसवलेले असावे लागते. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच काचेवरचा दाखला आणि त्याची मुदत तपासावी. आमची मुदत संपलेली निघाली, म्हणून अंधारात पुन्हा शोधाशोध करून पैसे भरून एका कॅम्पग्राउंडवर शिरलो.

दिवे मालवून बाहेर आलो तेव्हा त्रिशंकू हा तारकासमूह जवळजवळ डोक्यावर होता. घरी तो दक्षिणेला क्षितिजालगत शोधावा लागतो. मृग नक्षत्रही पश्चिमेला चक्क उलटे कलंडलेले होते, ते अहोंनी मला हात धरून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाच्या फटीतून तांदळाचे दाणे वेचताना दोघेही हसत होतो.