'स्वतंत्र' म्हणजे वेगळं का? गटात राहून आपल्या पद्धतीनं काम करण्याला शब्द काय?

कडक_भाकरी: सोलापुरात आमचा दहा जणींचा बचत गट आहे, शेंगा चटणी आणि कडक भाकरी करतो. आता नियम लिहायचं चाललंय. मी लिहिलं "प्रत्येक सदस्य स्वतंत्रपणे काम करेल" तर एक काकू लगेच म्हणल्या, स्वतंत्र म्हणजे, वेगळी चूल मांडायची का मग? मला म्हणायचंय की चटणी जिची तिनं कुटायची, लसूण किती, तेल सुटेपर्यंत किती कुटायचं ते तिचं तिनं बघायचं, पण पाकिटावर नाव एक आणि मोठी ऑर्डर आली की सगळ्या हजर. 'स्वायत्त' लिहिलं तर कॉलेजचा बोर्ड वाटतो.

धोटा: काकूंना खटकलं ते बरोबरय, "ते आता स्वतंत्र राहतात" म्हणजे सासू-सासऱ्यांपासून वेगळे, घरोघरी हाच अर्थ. पण शब्द फोडून बघा, स्व + तंत्र. संस्कृतात तंत्र म्हणजे माग, मागावरचा ताणा म्हणजे उभे धागे पण, धातू तन् म्हणजे ताणणे. म्हणजे स्वतंत्र म्हणजे स्वतःचा माग असलेला, आपल्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत तर हे पटायला पाहिजे. वडील चादरीच्या मागावर होते म्हणून सांगतो, जॅकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, ताण्याचा एकेक धागा वेगळा उचलला जातो म्हणून तर चादरीवर मोर उठतो, सगळे एकदम उचलले तर कसला मोर. आणि एक धागा तुटला की माग थांबवून आधी गाठ मारायची, तो एकटा तुटलाय म्हणून सोडून देता येत नाही.

काय_बे: एकेक धागा वेगळा हे अर्धंच खरं. नक्षी परत परत येत असेल तर धागे उचलणाऱ्या एका हुकाला चार-चार धागे असतात. आणि व्युत्पत्ती सांगून काकू ऐकणारेत का बे? लोक वापरतात तो अर्थ. जे नकोय ते सरळ लिहा, "सवता सुभा चालणार नाही". सुभा म्हणजे प्रांत, अरबीतनं आलाय, काकूंना न सांगता कळेल.

माढ्याकडची: आमच्याकडं 'सावड' म्हणतात. एक बैल तुझा एक माझा, जोडी झाली की आज तुझं रान उद्या माझं, पीक मात्र ज्याचं त्याचं. तुमचा माल एकाच पाकिटात म्हणजे तंतोतंत बसत नाही. आणि लिहिलंच तर 'सावड' लिहा, 'सावडणे' नको, लोकांना तिसरा दिवस आठवेल 🙏

मास्तर_रिटायर्ड: एवढं लांब कशाला जाताय. 'आपापलं' आहे की. "तो आपापलं काम करतो" असं कुणी म्हणत नाही, "ते आपापलं काम करतात" म्हणतात. हा शब्द एकट्यादुकट्याला लागतच नाही, चार जण असले तरच लागतो. वेगळेपण आणि गट दोन्ही त्यातच आलं. 'स्वतंत्र'ला ते जमत नाही, तो एकट्यालाही चालतो.

धोटा: हे मात्र मानलं सर. हुकाचं पण मान्य, वडिलांना विचारलं.

कडक_भाकरी: आत्ताच मीटिंग झाली. "चटणी आपापल्या हाताची, पाकीट सगळ्यांचं" असं लिहिलंय, 'स्वतंत्र' काढून टाकला. काकूंनी दोनदा वाचायला लावलं, मग म्हणल्या ठीकाय, पण लसणाचं माप तेवढं ठरवून टाका, त्या अमकीच्या चटणीत लसूणच सापडत नाही.