लेथच्या बेडवरील गंज कसा रोखावा? मदत हवी आहे
आमच्या लहान वर्कशॉपमधील लेथच्या (धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्राच्या) बिडाच्या बेडवर, म्हणजे इतर भाग ज्यावर सरकतात त्या पायावर, विशेषतः कॅरेज (कापणारे हत्यार धरून सरकणारा भाग) रात्रभर जिथे उभे असते त्याच्या कडेला आणि टेलस्टॉकच्या (तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाच्या) बुडाखाली, सकाळी तांबूस पट्टे दिसू लागले आहेत. काम संपल्यावर चिप्स ब्रशने काढून, कूलंट (कापताना सोडले जाणारे पाणीमिश्रित द्रव) फडक्याने टिपून ६८ ग्रेडचे स्लाइडवे ऑइल (सरकत्या पृष्ठभागांसाठीचे तेल) लावले जाते. तरीही रात्री थंड झालेल्या धातूला सकाळची उबदार, दमट हवा लागताच त्यावर दव धरते आणि तेलाचा थर जिथे विरळ असेल तिथे गंज चढतो, असे माझे निरीक्षण आहे. कूलंटचे पाण्यातील प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणाने) नियमित तपासतो, त्यामुळे संशय उरतो तो कॅरेजखाली झिरपून अडकणाऱ्या पाण्याचा. प्लॅस्टिकचे आच्छादन ओलावा कोंडते, म्हणून ते टाळले आहे.

बेडखाली कमी वॅटचा हीटर ठेवून धातू हवेपेक्षा किंचित गरम राखण्याचा उपाय कोणी केला आहे का, आणि त्याचा अचूकतेवर परिणाम जाणवला का? लॅनोलिनयुक्त (लोकरीतील मेणासारखा पदार्थ असलेला) गंजरोधक थर रोज चालणाऱ्या मशीनवर चालतो, की तो चिकटपणामुळे बारीक चिप्स धरून ठेवतो? आलेले पट्टे एमरी पेपरने घासण्यास मन धजत नाही, कारण त्याची भुकटी वायपरखाली (कॅरेजच्या कडेला बेड पुसणाऱ्या पट्टीखाली) अडकली तर मूळ गंजापेक्षा मोठे नुकसान होईल. याला सुरक्षित पर्याय माहीत असल्यास कृपया सविस्तर सांगावा.